प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव: पुण्यातल्या मैफली आणि कवितेच्या संध्याकाळी कशा गाठायच्या

नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं माझी समजूत अशी होती की इथलं गाणं म्हणजे डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव, आणि उरलेले अकरा महिने नाटकं. आमच्या शेजारचे काका मात्र दर शनिवारी साडेपाचला जाकीट चढवून बाहेर पडायचे. एकदा जिन्यात विचारलं, "काका, कुठे?" त्यांनी बगलेतला पेपर उलगडून आतल्या पानावर पेनानं गोल केलेल्या तीन ओळी दाखवल्या. "एका मुलीचं गाणं आहे. नाव मीही ऐकलेलं नाही. येतोस?"

गेलो. सभागृहात साठेक माणसं होती. त्या मुलीनं पूरिया धनाश्री तासभर गायला. तिकीट नव्हतं, निवेदन दोन मिनिटांत आटोपलं, आणि तबल्यावरची बोटं तिसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसत होती. असं गाणं या शहरात जवळजवळ दर आठवड्याला होतं. फक्त त्याची मोठी जाहिरात होत नाही, त्यामुळे ते शोधावं लागतं. हा लेख त्या शोधण्याबद्दल आहे.

आधी बातमी

तिकीट विकणारी ॲप उघडलीत तर मोठे कार्यक्रम दिसतील: सिनेसंगीताचे ऑर्केस्ट्रा, स्टँड-अप, बाणेर-कोरेगाव पार्कातले बँड. तेही बघा, पण विनामूल्य कार्यक्रम तिथे सहसा येत नाहीत, कारण त्यात विकण्यासारखं काही नसतं. ते तीन ठिकाणी सापडतात.

एक, मराठी वर्तमानपत्रांच्या शहर पुरवणीतलं 'आजचे कार्यक्रम' छापाचं सदर. अक्षर बारीक, मजकूर तीन ओळी. शुक्रवार, शनिवार आणि रविवारचा अंक चुकवू नका.

दोन, सभागृहांचे फलक. बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात एक चक्कर मारली की येत्या पंधरवड्याचा अंदाज येतो. टिळक रस्त्यावरून जाताना महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या दाराशी थांबून फळा वाचायची सवय लावून घ्या. कवितेच्या कार्यक्रमांसाठी तो फळा फार उपयोगी पडतो.

तीन, आणि हाच खरा मार्ग. कुठल्याही छोट्या कार्यक्रमाच्या दाराशी एक टेबल असतं आणि त्यावर दोरीनं पेन बांधलेली वही. लोक तिच्याकडे न बघता आत जातात. तुम्ही थांबा आणि नाव-नंबर सुवाच्य अक्षरात लिहा. त्या वहीवरून संयोजकांची व्हॉट्सॲप यादी तयार होते. तीन वह्यांत नाव गेलं की महिन्याभरात तुमच्या फोनवर इतकी निमंत्रणं येतील की निवड करताना नाकी नऊ येतील. मला आज मिळणारी बहुतेक आमंत्रणं अशाच वह्यांमुळे येतात.

जाहिरातीतली भाषा

तीन ओळींच्या त्या बातमीला स्वतःची परिभाषा आहे. ती कळली नाही तर फेरी फुकट जाते.

'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' याचा अर्थ पुढच्या तीन ते पाच रांगांवर कागद चिकटवलेले असतील. तिथे बसू नका, उठवतात आणि तेही सगळ्यांदेखत. 'विनामूल्य प्रवेशिका आवश्यक' असेल तर दोन दिवस आधी पेठेतल्या एखाद्या दुकानातून प्रवेशिका आणावी लागते. दाराशी हुज्जत घालून उपयोग नसतो. 'पुरस्कार प्रदान समारंभ व त्यानंतर गायन' असं वाचलंत तर पहिला तास शाल, श्रीफळ, मानपत्र, मनोगत आणि अध्यक्षीय समारोप यांत जाणार हे गृहीत धरा. साडेपाचचा कार्यक्रम असेल तर तंबोरे पावणेसातच्या आत लागत नाहीत. मी अशा कार्यक्रमाला चहा पिऊन निवांत जातो, पण मग जागा मागे मिळते. दोन्ही हवं असेल तर भाषणं ऐकायची तयारी ठेवा.

'निमंत्रितांचे कविसंमेलन' या शब्दांनी मला बरीच वर्षं दारातून परत पाठवलं. त्यात निमंत्रित असतात ते कवी. श्रोत्यांना दार उघडंच असतं. 'फक्त निमंत्रितांसाठी' ही मात्र वेगळी गोष्ट, तिथे खरोखरच जाऊ नये.

आणि 'ठीक ५.३० वाजता' हे पुण्यात गांभीर्यानं घ्यायचं असतं.

वर्षाचा आराखडा

तारखा दर वर्षी बदलतात, पण क्रम बदलत नाही. दिवाळीत पहाटेच्या मैफली. मोठ्या बागा, मैदानं, सोसायट्यांची आवारं, सगळीकडे. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. जानेवारीच्या सुमारास वसंतराव देशपांड्यांच्या स्मृत्यर्थ होणारा वसंतोत्सव. 27 फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात इतकी कविसंमेलनं होतात की एकच कवी एका दिवसात तीन ठिकाणी भेटतो. गुढीपाडव्याच्या आसपास दगडूशेठ गणपती ट्रस्टचा संगीत महोत्सव. 15 एप्रिलला सुरेश भटांची जयंती, त्यानिमित्त गझलेचे मुशायरे. 26 जून हा बालगंधर्व रंगमंदिराचा वर्धापन दिन. रंगमंदिर 1968 साली त्या दिवशी उघडलं. आषाढीच्या पंधरवड्यात अभंगवाणी, मग गुरुपौर्णिमेला गुरुकुलांच्या मैफली. गुरुपौर्णिमा मुद्दाम सांगतोय. शिष्य मंडळी दुपारपासून एकामागून एक गातात, शेवटी गुरू बसतात, आणि तिकीट कुणी विचारत नाही. गणपतीत मांडवांमधले कार्यक्रम आणि पुणे फेस्टिव्हल. कोजागरीला गच्चीवर दूध आणि कविता.

सर्वांत भाकड महिना मे. कलाकार आणि श्रोते दोघेही गावाला गेलेले असतात.

सभागृह नीट समजून घ्या

पत्ता नीट वाचा, हे मी अनुभवानं सांगतोय. सेनापती बापट रस्त्यावर भारतीय विद्या भवनात सरदार नातू सभागृह आहे. तिथे इन्फोसिस फाउंडेशनच्या साहाय्यानं होणारे विनामूल्य कार्यक्रम वर्षभर चालू असतात. पहिल्यांदा निघालो तेव्हा रिक्षावाल्याला नुसतं 'नातू' एवढंच सांगितलं. त्यानं मला पेठेतल्या नातूबागेत सोडलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा संथ विलंबित संपून जलद द्रुत चालू झाली होती.

तशीच गल्लत टिळक स्मारक मंदिर (टिळक रस्ता) आणि केसरीवाड्यातलं लोकमान्य सभागृह (नारायण पेठ) यांची होते. कोथरूडकरांचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि औंधचं भीमसेन जोशी कलामंदिर यांच्यात तर अर्ध्या शहराचं अंतर आहे.

शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आणि हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह ही माझी आवडती ठिकाणं. लहान जागा, गायक हाताच्या अंतरावर. पण तिथे उशिरा पोचलात तर लपून आत शिरता येत नाही. सुदर्शनला चारचाकी नेण्याचा विचारही करू नका. नवी पेठेत पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी सभागृह, कवितेसाठी. एरंडवण्यातलं 'द बॉक्स' हे नव्या मंडळींचं: प्रयोग, जॅझ, कवितेचं सादरीकरण, कधी सगळं एकत्र.

मेट्रोनं बरंच सोपं केलंय. बालगंधर्वला जायला छत्रपती संभाजी उद्यान किंवा डेक्कन जिमखाना स्टेशन, मुकुंदनगर, टिळक रस्ता नि हिराबागेसाठी स्वारगेट. जाताना गर्दीचं काही नाही, पण परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. नाहीतर भैरवी चालू असताना डोळा घड्याळाकडे जातो आणि शेजाऱ्याचाही रसभंग होतो.

वेळ निवडा, नाव नंतर

नवा श्रोता कलाकाराचं नाव बघून कार्यक्रम निवडतो. मी म्हणेन, आधी वेळ बघा. आपल्या पद्धतीत राग प्रहराला बांधलेले. मैफल संध्याकाळी सहाला सुरू होणार असेल तर मारवा, पूरिया धनाश्री, यमन यांपैकी काहीतरी कानावर पडण्याची शक्यता मोठी. नऊच्या पुढे बागेश्री, रागेश्री. मालकंस आणि दरबारी ही खरी उत्तररात्रीकडे झुकणारी मंडळी, आणि गोची नेमकी तिथेच आहे.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर अंमलबजावणी कडक झाली. पूर्वी सवाईच्या मांडवात लोक रात्रभर बसून पहाटेचा तोडी ऐकून घरी जात. आता मैदानावरची मैफल दहाला संपते, सवलतीचा एखादा दिवस असेल तर बाराला. म्हणजे पुण्यात मोठा झालेला, गाण्याची आवड असलेला पंचविशीतला मुलगा दरबारी रेकॉर्डवर शंभरदा ऐकलेला असतो, पण समोर बसून एकदाही नाही.

यावर दोन उपाय. महोत्सवाचं वेळापत्रक आलं की बारापर्यंत चालणारा दिवस कोणता ते आधी बघा आणि एकाच दिवसाचं तिकीट काढायचं असेल तर त्याच दिवसाचं काढा. दुसरं, बंदिस्त सभागृहाला हा नियम तसाच्या तसा लागू नाही. त्यामुळे साडेआठ-नऊला सुरू होणारी सभागृहातली मैफल दिसली तर सोडू नका. सकाळच्या रागांसाठी मात्र दिवाळी पहाट आणि अधूनमधून होणाऱ्या रविवार-सकाळच्या मैफली आहेतच. तिथे भैरव, अहिर भैरव, तोडी मनसोक्त मिळतात. उठणं एवढाच खर्च.

बसल्यावर काय करायचं

मधल्या रांगा, मध्यभागाकडे. अगदी पुढे बसलात तर कडेच्या स्पीकरमधून तबला अंगावर येतो.

शास्त्रीय गाण्यातलं काहीच कळत नसेल तर एक छोटा प्रयोग करा. विलंबित एकताल बारा मात्रांचा. सुरुवातीला तो इतका संथ असतो की मोजदाद सुटते. मोजू नका. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिले काही शब्द, तेवढा लक्षात ठेवा. गायक आलाप करत लांब जातो, तबलजीकडे एक नजर टाकतो, आणि मुखडा उचलून एका अक्षरावर उतरतो. तिथे तबल्याचा ठसठशीत 'धिं' येतो आणि सभागृहातल्या निम्म्या माना एकदम हलतात. ती सम, तालाची पहिली मात्रा. तालाच्या अशा चार-पाच आवर्तनांनंतर तुमची मान आपोआप हलायला लागेल. मला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्याकडे न बघताच माझ्या गुडघ्यावर थाप मारली होती.

दाद द्या, पण गायक श्वास घेतो त्या फटीत. तानेच्या मध्यावर 'क्या बात है' ओरडणारे दाद देत नसतात, हजेरी लावत असतात. मांडीवर ताल धरायचा तर हळू, शेजारच्याला ऐकू गेला नाही पाहिजे.

मध्येच उठायचं असेल तर एक राग संपून तबला पुन्हा सुरात लावला जातो, हातोडीचा टकटक आवाज येतो, तेव्हा उठा. ख्याल चालू असताना समोरून वाकून जाणं हा अपराध आहे, वाकल्यामुळे तो कमी होत नाही. भैरवी सुरू झाली की मैफल संपत आली समजा. भैरवीनंतर गायचं नसतं, त्यामुळे फर्माईश त्याआधीच करा, तीही चिठ्ठीवर आणि एकदाच. रेकॉर्डिंग करू नका. फोनचा उजेड अंधाऱ्या सभागृहात दहा रांगांना दिसतो.

सवाईसाठी वेगळी तयारी

भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली हा महोत्सव सुरू केला. अनेक वर्षं तो रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. खुर्चीची तिकिटं लवकर जातात, पण माझं मत भारतीय बैठकीच्या बाजूनं आहे. स्वस्त पडते, आणि पाय पसरून चार-पाच तास बसता येतं. घरून सतरंजी, पाठीला उशी, कानटोपी आणि शाल न्या. दुपारी ऊन असतं म्हणून लोक फसतात. आठनंतर डिसेंबरची थंडी मैदानावर जमिनीतून वर येते. खांबाजवळची जागा मिळाली तर पाठ टेकायची सोय होते. त्यासाठी दार उघडायच्या आत रांगेत हवं.

बाहेर खाण्याचे स्टॉल असतात आणि तिथली गर्दी मध्यंतरापेक्षा कुणाचं तरी वादन चालू असताना जास्त असते. ते वादन चुकवू नका. तेवढ्या वेळात बैठकीत जागा ऐसपैस होते.

महोत्सवाच्या सुमारासच शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' होतात: संगीतावरचे माहितीपट आणि कलाकारांच्या मुलाखती. मैदानावर तिकीट मिळालं नाही तरी तिकडे जा. आणि शेवटच्या दिवशी लवकर निघू नका. सांगता सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका वाजवून होते. मांडवात हजारो माणसं असतात आणि सुया-टाचण्या पडल्या तरी ऐकू येतील अशी शांतता.

कविता ऐकायला जाताना

कवितेचे कार्यक्रम तीन जातींचे. कविसंमेलनात पंधरा-वीस कवी दोन-दोन कविता वाचतात, सूत्रसंचालक दोन कवींच्या मध्ये तिसऱ्याच कवीच्या ओळी म्हणतो, आणि अध्यक्ष सगळ्यांत शेवटी वाचतात. अडचण ही की आपलं वाचून झालं की कवी उठून जातात. अध्यक्षांपर्यंत खुर्च्या उरतात, माणसं नाही. मी अशा वेळी हट्टानं बसतो, कारण अध्यक्ष केलेली व्यक्ती बहुधा त्या संध्याकाळची सगळ्यांत चांगली कवी असते. मंच रिकामा होत आला की ती घाई सोडून सावकाश वाचते.

मुशायऱ्यात श्रोत्यालाही काम असतं. गझलेच्या शेरात पहिली ओळ दोनदा म्हणतात ती उगाच नाही. उदाहरणार्थ, याच लेखासाठी जुळवलेल्या दोन ओळी, जाणकारांनी नाक मुरडलं तरी चालेल:

एस्टीचे ते तिकीट अजुनी पाकिटात मी जपले आहे
गाव सुटले त्या दिवसाचे ऊन त्यामागे लपले आहे

'आहे' हा रदीफ, म्हणजे शेवटी तसाच पुन्हा येणारा शब्द. त्याआधीचं यमक, 'जपले-लपले', हा काफिया. मतल्यात, म्हणजे या पहिल्या शेरात, जोडी ठरून जाते. पुढच्या प्रत्येक शेराची पहिली ओळ मोकळी असते, दुसरी पुन्हा त्याच वळणावर येऊन थांबते. कोणता काफिया येणार याचा अंदाज सभागृह बांधत असतं. तो येण्याआधी ओळखला की लोक कवीबरोबर रदीफ म्हणतात, आणि अंदाज चुकवून कवीनं वेगळाच शब्द आणला की खरी 'वा' निघते. काही जण तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर म्हणतात, काही तहतमध्ये, नुसतं वाचून. गोड गळ्यामुळे साधा शेर तरून जातो, म्हणून मला तहतवाले जास्त विश्वासाचे वाटतात.

तिसरा प्रकार ओपन माइक. कॅफे, पुस्तकांची दुकानं, छोट्या स्टुडिओ जागा. मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच रात्री. वय विशीतलं. इथे टाळ्यांऐवजी चुटक्या वाजल्या तर दचकू नका.

स्वतः वाचायचं असेल तर

ओपन माइकला आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. कार्यक्रमाची घोषणा झाल्याच्या दिवशीच भरा, जागा दहा-पंधराच असतात. बहुधा पाच मिनिटं मिळतात. घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचा आणि चार मिनिटांत बसेल एवढंच ठेवा, कारण माइकसमोर आपण एकतर धावतो नाहीतर थबकतो. फोनवरून वाचू नका. वाचता वाचता आईचा फोन आलेला मी पाहिलाय. कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या. प्रस्तावना टाळा. 'ही कविता मला कशी सुचली' यात पाचातली दोन मिनिटं जातात. माइक हनुवटीच्या किंचित खाली, टिचकी मारून 'हॅलो चेक' करू नका, तो चालूच असतो.

पहिल्यांदा जाताना नुसतं ऐकायला जा, दुसऱ्यांदा वाचा. आणि वाचून झालं तरी शेवटच्या माणसापर्यंत बसा. संयोजक हे बघत असतात. पुढच्या महिन्यात यादी लावताना दारातल्या वहीवर कुणाचं नाव होतं यापेक्षा शेवटपर्यंत खुर्चीवर कोण होतं हे त्यांना जास्त लक्षात राहतं.